नवख्याची नजर

८ जानेवारी

ती. आत्या,

जिच्याशी मी उभ्या आयुष्यात धड चार वाक्ये बोललेली नाही, तिला आपण होऊन पत्र लिहिणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणून आहे. तरीही लिहीत आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते, म्हणजे पुढे प्रत्येक परिच्छेदात मागावी लागणार नाही. फोन करता आला असता. पण फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि समोरच्याने दोनदा 'हॅलो' म्हटले की मी ठेवून देते. कागदावर मी बरी आहे, असे माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई म्हणत.

मी तुमच्या भावाची मुलगी. तुम्ही घर सोडलेत तेव्हा मी पहिलीत जायची होते. तुमच्याविषयी मला नक्की आठवते ते एवढेच: मी टेबलाखाली बसून तुमच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या होत्या, तुम्ही उठताना सपशेल पडलात, आणि रागावण्याऐवजी टेबलाखाली डोकावून म्हणालात, "गाठ चांगली मारलीस." त्या एका वाक्याच्या भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

पत्ता कुठून मिळाला, हेही सांगायला हवे. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात नव्या काचा येतात त्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असतात. त्यांतल्या एका पानावर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलची जाहिरात होती. मोटारीच्या टपावर कोपर टेकवून उभ्या असलेल्या तुम्ही मला तत्काळ ओळखू आलात, कारण बाबाही दुकानाच्या दारात हुबेहूब तसेच उभे राहतात. मात्र हे पान मला खोक्यात नव्हे, काउंटरच्या काचेखाली, अक्षरांच्या तक्त्याच्या पाठीमागे सापडले. काचांभोवती चुरगळलेले पान इतके सपाट कसे झाले, मला ठाऊक नाही. मी विचारलेले नाही.

आता कामाचे. मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. खेळ ऐन रंगात असताना कसलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते आणि नवख्याच्या मनात काय, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. खेळ टेबल टेनिसचा निवडला, कारण क्लब दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे. नवख्यांना तोटा नाही. कसलेले थोडे, आणि त्यांना काही विचारावे तर उत्तर येते, "बॉल येतो, मी मारतो. त्यात सांगायचं काय?"

तुम्ही एके काळी याच क्लबातल्या कसलेल्या खेळाडू होता, म्हणून तुम्हाला विचारते. सर्व्हिस करण्यापूर्वी तुम्ही कशाकडे पाहत असा? मनात काही शब्द येत का? छाती धडधडू लागली की तुम्ही तिला काय समजत होता?

हे पत्र निव्वळ अभ्यासासाठी आहे. त्यात दुसरा कोणताही हेतू नाही. बाबांना यातले काही माहीत नाही.

तुमची भाची

---

२७ जानेवारी

ती. आत्या,

तुमचे कार्ड मिळाले. 'खेळ सोडला. अभ्यासाला शुभेच्छा. लायसन्स काढायचे असेल तर कळव, भाचीला सवलत आहे.' मी ते इतक्या वेळा वाचले, की कार्डाच्या कडा मऊ झाल्या. तुम्ही मला 'भाची' म्हटलेत, याची नोंद घेतली आहे.

माझ्या प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती, हेही लक्षात आले. परंतु आज मी प्रश्न विचारणार नाही. आज एक आपत्ती कळवायची आहे.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी प्रबंधाचे पहिले प्रकरण वाचले, चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, "तू स्वतः कधी खेळलीस का गं?" मी 'नाही' म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "पोहण्यावर लिहिणाऱ्याने निदान पावलं तरी ओली करावीत. जा, क्लबात नाव घाल." आत्या, मी शाळेत खेळाच्या तासाला ग्रंथालयाची कपाटे लावत असे. बाईंना मी तसे सांगितलेही. त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे तुझ्याहून शुद्ध नवखा मिळायचा नाही."

क्लबात गेले. माझी पहिली सर्व्हिस पंचांच्या चहात पडली. पंच सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी चेंडू रुमालाने पुसून परत दिला आणि चहा प्यायला.

त्या अर्ध्या तासात मला जे दिसले ते मी घरी येऊन लिहून काढले. छताचा पंखा किंचित वाकडा फिरतो. समोरच्या मुलीच्या मोज्याला भोक आहे. शेजारच्या टेबलावरचे कोणीतरी माझ्याकडे पाहून हसले, की खोकले? चेंडू सोडून सगळे दिसले. आणि मनात एकच वाक्य घण घालत होते: जाळीत मारू नकोस, जाळीत मारू नकोस. साहजिकच सगळे चेंडू जाळीत गेले. क्लबातल्या अव्वल खेळाडूला मी विचारले (ते पेशाने वायरमन असल्यामुळे सगळे त्यांना 'शॉक' म्हणतात), "तुमच्या मनात काय असतं हो?" तर ते बराच विचार करून म्हणाले, "संध्याकाळी भाजी काय न्यायची?" याची मी कसलेल्यांच्या रकान्यात नोंद केली आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांना कळले. ते अजूनही रविवारी सकाळी क्लबात लहान मुलांना शिकवतात. दुकान रविवारी बंद असण्याचे कारण तेच, तुम्हाला आठवत असेल. मला टेबलापाशी पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुस्तकात तोंड लपवावेसे वाटले. हातात पुस्तक नव्हते. म्हणाले, "वाळवी! तू? इथे?" (मी पुस्तके खाते म्हणून घरात माझे नाव वाळवी आहे.) आणि लगेच बाह्या सरसावून मागे उभे राहिले.

खोटे कशाला बोलू? त्यांच्या शिकवण्याने फरक पडला. चेंडू येऊ लागला की ते मागून ओरडतात, "मनगट!" आणि माझे लोंबणारे मनगट ताठ होते. त्या एका शब्दाने माझी भटकणारी नजर जागेवर येते. मुलांचेही तसेच होते. आईने हे ऐकले तेव्हा तिच्या हातातले लाटणे क्षणभर थांबले आणि ती म्हणाली, "हा शब्द या घरात परत नको होता." का, ते मी विचारले नाही.

अर्थात मला ती गोष्ट माहीत आहे. ती या घरात कुणीच सांगत नाही, म्हणून सगळ्यांना माहीत आहे.

तुमची,
वाळवी

---

१६ फेब्रुवारी

ती. आत्या,

या वेळी तुम्ही चक्क दोन पाने लिहिलीत! ती वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. तुमचे शब्द प्रबंधात जसेच्या तसे घालण्याची परवानगी हवी आहे: 'नवखा ड्रायव्हर बोनेटकडे बघतो. मुरलेला रस्ता जिथे वळतो तिथे बघतो, आणि मधला रस्ता आपोआप येतो. नवख्याला पाय सांगावा लागतो: क्लच, ब्रेक, क्लच. पण एकदा गाडी अंगात भिनली, की त्याला पाय सांगू नये. सांगितलास तर तो पायाकडे बघेल आणि गाडी शिंप्याच्या दुकानात घालेल. घातली आहे. शिंपी आता माझा मित्र आहे.'

आणि तळाशी, वेगळ्या शाईने: 'हे तुझ्या बाबाला सांगू नकोस. त्याला कळणार नाही.'

आत्या, मी सांगितले नाही. परंतु त्यांना कळले आहे. ते कसे, हे लिहिण्यासाठीच आज बसले आहे.

आमच्या विभागात नजरेचा माग काढणारा एक चष्मा आहे. तो घालून खेळले, की खेळणाऱ्याला दिसते ते सारे चित्रित होते आणि त्याची नजर जिथे खिळते तिथे पडद्यावर एक हिरवा ठिपका दिसतो. असा चष्मा विभागाकडे एकच आहे, आणि त्याची काडी माझ्या हातून मोडली. (बाईंना हे अद्याप ठाऊक नाही.) साहजिकच मी तो बाबांकडे नेला. त्यांनी काडी अशी बेमालूम बसवली, की नव्यापेक्षा बरी. मग म्हणाले, "नाकावर घसरतोय का ते बघायला मी क्लबात येतो." ते निमित्त होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

शॉकने तो चष्मा घातला. खेळ सुरू झाला. बाबा जाळीच्या रेषेत, कडेला उभे होते. आणि एका अटीतटीच्या चेंडूला, सवयीने, त्यांच्या तोंडून गेलेच: "मनगट!" शॉकचा चेंडू जाळीत गेला. शॉक हसले, टेबलावर तळवा पुसला आणि पुढची सर्व्हिस केली. कुणाला त्यात काही वाटले नाही.

चित्रण मी दुकानात, गिऱ्हाईक नसताना लावले. नवख्यांचे आधी. ठिपका माशीसारखा भिरभिरत होता: चेंडू, जाळी, गुणफलक, स्वतःचे बूट, पंखा. बाबा खो खो हसले. "ही तू ना? पंख्याकडे काय बघतेस गं, तो खेळतोय का?" मग शॉकचे लावले. ठिपका समोरच्याच्या खांद्यावर असा बसलेला, जणू तिथे त्याचे घर आहे. चेंडू इकडून तिकडे जातो आहे आणि ठिपका मात्र शांत, चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन थांबणारा. बाबा म्हणाले, "वा!"

मग त्यांचा स्वतःचाच आवाज आला: "मनगट!" आणि ठिपका समोरच्याच्या खांद्यावरून निघाला, टेबल ओलांडून खाली आला आणि शॉकच्या स्वतःच्या मनगटावर जाऊन बसला. चेंडू आला, जाळीत गेला, ठिपका तिथेच.

बाबा म्हणाले, "पुन्हा लाव."

मी लावले.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी एक चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. पुष्कळ वेळ पुसत राहिले. मी माझ्या पुस्तकी स्वभावानुसार समजावू लागले, की नवख्याला शरीराकडे लक्ष द्यायला सांगितले तर खेळ सुधारतो, आणि कसलेल्याला तेच सांगितले तर बिघडतो, कारण त्याचे हात जे न विचारता करत असतात तिथे त्याचे मन मध्येच येऊन उभे राहते. शब्द तोच असतो, फक्त ऐकणारा वेगळा. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि हळू विचारले, "हा चष्मा तेव्हा नव्हता ना गं?"

मी म्हणाले, "नव्हता, बाबा."

"नाही, म्हणजे असता तर बघितलं असतं," असे म्हणून ते शटर ओढायला उठले. अजून दिवे लागायचे होते.

मला आता तुमची जुनी गोष्ट लिहू द्या, म्हणजे मला काय ठाऊक आहे ते तुम्हालाही कळेल. अंतिम सामना. जिंकायला एक गुण. सर्व्हिस तुमची. कडेला तुमचा थोरला भाऊ, ज्याने तुमच्या हाती पहिल्यांदा बॅट दिली. तो ओरडला, "मनगट!" पुढचे सगळे चेंडू जाळीत. नंतर तो म्हणाला, "वाकत होतं, म्हणून ओरडलो." तुम्ही म्हणालात, "ते पहिल्यापासून वाकतंय, आणि त्यानेच जिंकत आलेय!" बॅट टेबलावर ठेवून तुम्ही बाहेर पडलात आणि आजवर परतला नाहीत.

मला वाटते, त्याला तुमचे मनगट दिसत होते, पण तुम्ही केव्हाच मुरलेल्या झाला आहात हे दिसत नव्हते. थोरल्या भावांना बहुधा ते दिसत नाही. यावर संशोधन झालेले नाही.

आणि आता मूळ मुद्दा. पहिल्या पत्रात 'दुसरा कोणताही हेतू नाही' असे मी लिहिले होते. ते वाक्य कृपया खोडावे. क्लबाचे 'जाणता-नवखा' सामने मार्चच्या मध्यावर आहेत. तुमच्या वेळेपासूनचाच नियम: प्रत्येक जोडीत एक कसलेला आणि एक असा, जो कधी स्पर्धेत उतरलेलाच नाही. माझ्या जोडीला जाणते कुणी नाही. शॉकना त्यांच्या मेव्हण्याने आधीच धरले आहे.

याल का?

तुमची,
वाळवी

---

२ मार्च

ती. आत्या,

'तुझा बाबा हॉलमध्ये नसेल तर येते.' सहाच शब्द, पण वाचून मी पिशवीतला पाव रस्त्यातच पाडला.

तुमची अट मी त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवली. अर्थातच त्याबरोबर पत्रव्यवहार उघडकीला आला. मी बोलणी खायच्या तयारीने पुस्तक छातीशी धरून उभी होते. ते म्हणाले, "कधीपासून लिहितेस?" म्हटले, "जानेवारीपासून." म्हणाले, "अक्षर कसंय तिचं? अजून कोंबडीचे पाय?" मी कार्ड पुढे केले. त्यांनी ते हातभर लांब धरले, मग जवळ घेतले आणि म्हणाले, "कोंबडीचेच आहेत." परत देताना त्यांना जरा वेळ लागला.

मग म्हणाले, "लिही तिला. मी बाहेर सायकली लावतात तिथे उभा राहीन. तिथून आवाज जात नाही. जात असता तर मी ओरडलो नसतो, असं काही नाही." मी आज्ञाधारक मुलगी आहे, म्हणून त्यांचा निरोप इथे लिहिला.

आता माझे म्हणणे. त्यांना बाहेर उभे करू नका. ही विनंती मी त्यांच्यासाठी करत नाही, स्वतःसाठी करते. आत्या, मी नवखी आहे. माझी छाती धडधडते तेव्हा मी तिला भीती म्हणते; तुम्ही त्याच धडधडीला 'गाडी सुरू झाली' म्हणता, हे तुम्ही लिहिलेत तेव्हा मला तुमचा हेवा वाटला. मला अजून ते जमत नाही. माझी नजर कुठेतरी जाऊन टेकायला लागते, आणि पंख्यापेक्षा बाबा बरे.

शिवाय ते सराव करत आहेत. होय, तेही! गेल्या रविवारी शॉक आणि त्यांचा मेव्हणा खेळत होते. बाबांनी खिशातून पेपरमिंटची भलीमोठी गोळी काढून तोंडात टाकली आणि बाकावर बसले. मी विचारले, "हे काय?" तर गालाचा फुगा सावरत म्हणाले, "बूच." संपूर्ण डाव ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त शॉकचे मनगट वाकले की त्यांची मान कोंबड्यासारखी पुढे जाई आणि गोळी या गालातून त्या गालात. एकदा ठसका लागला. पंच पाठीत धपाटा घालून म्हणाले, "अहो, जीव जाईल, त्यापेक्षा ओरडा ना!" बाबांनी ठाम नकारार्थी मान हलवली. घरी येऊन आईला म्हणाले, "जमतंय." आई म्हणाली, "लग्नात घालायची होती एक." म्हणजे त्यांच्याच लग्नात.

तुम्ही लिहिले होते, की मुरलेला खेळाडू समोरच्याच्या बॅटमधून चेंडू सुटण्यापूर्वीच ठरवून मोकळा होतो. म्हणजे या पत्राचे उत्तर तुम्ही पहिल्याच ओळीला ठरवले असणार. तरीही तळापर्यंत वाचल्याबद्दल आभारी आहे.

तुमची,
वाळवी

---

१८ मार्च

प्रिय आत्या,

बसच्या पायरीवर तू म्हणालीस, "अहो-जाहो पुरे, माझी पाठ दुखायला लागते," म्हणून आज अहो-जाहो सोडले आहे. छाती धडधडते आहे, पण तू म्हणतेस तसे, गाडी सुरू झाली असे समजते.

तू परवाच इथे होतीस. मग तुला पत्रात सांगण्यासारखे काय उरले, असे वाटेल. पण तू खेळत होतीस, आत्या. कसलेला खेळाडू खेळताना कडेला काय चालले आहे ते पाहत नाही; तसे मी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात सप्रमाण सिद्ध केले आहे. सगळे पाहतो तो नवखा. ज्या दोषाबद्दल तू मला दोन डाव दटावत होतीस, "चेंडू बघ, अगं चेंडू बघ!", त्या दोषामुळेच हे पत्र लिहिता येत आहे.

तर जे तुला दिसले नाही ते असे.

'येते. त्याला म्हणावं गोळी मोठ्यातली घे,' हे तुझे कार्ड बाबांनी गंभीरपणे घेतले. ते आख्खी पुडी घेऊन आले होते. तू हॉलमध्ये शिरलीस, त्यांच्यासमोर थांबलीस आणि "जाड झालायस," एवढेच म्हणालीस. ते तोंडातल्या गोळीमुळे "तूऽही" असे काहीतरी म्हणाले. तू पुढे गेलीस. ते मात्र तू बूट बांधत होतीस तोवर उभेच होते. कुणीतरी "बसा हो" म्हटल्यावर बसले.

पहिला डाव दातांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सासूबाईंनी आपल्याकडून सहज घेतला. सासूबाई नवख्या होत्या, हे मला अजूनही पटत नाही. त्या प्रत्येक चेंडूला "जावईबापू, तुमचा!" म्हणत आणि स्वतःच मारत. दुसरा डाव तू जवळजवळ एकटीने ओढून काढलास. मी या काळात जे पाहिले: पंखा दुरुस्त झाला आहे. मार्गदर्शक बाई तिसऱ्या रांगेत बसून लिहून घेत होत्या. आणि बाबा एकामागून एक गोळ्या संपवत होते. तुझे मनगट वाकत होते, आत्या. तुझ्या प्रत्येक सर्व्हिसला ते वाकत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांची मान पुढे.

तिसऱ्या डावात दोघांचे नऊ-नऊ झाले. सर्व्हिस तुझ्याकडे आली. सगळा हॉल शांत, आणि त्या शांततेत 'कड्' असा आवाज आला. तू म्हणालीस, तुला वाटले कुणाची तरी खुर्ची मोडली. खुर्ची नव्हे. बाबांनी शेवटची गोळी दाढेखाली फोडली होती. तो गुण आपण घेतला. आता जिंकायला एक गुण, सर्व्हिस पुन्हा तुझी, आणि मी पाहिले तर बाबा पुडी उलटी करून झटकत होते. पुडी रिकामी होती.

त्यांनी तोंडावर हात धरला. हात खाली आला. ते उठले, पुन्हा बसले. तू टेबलावर तळवा पुसत होतीस. मला वाटले, आता होणार.

आणि त्यांनी चष्मा काढला.

तुला ठाऊक आहे त्यांचा नंबर केवढा आहे. चष्म्यावाचून त्यांना टेबल आणि दार यांतला फरक कळत नाही. त्यांनी चष्मा घडी करून डबीत ठेवला, डबी मिटली, खिशात घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेच्या फोटोत बसतात तसे, तुझ्या दिशेला तोंड करून बसले.

तू सर्व्हिस केलीस. डॉक्टरांनी परतवली. चेंडू माझ्याकडे आला आणि मला त्या क्षणी मनात बाबांच्या आवाजात तो शब्द ऐकू आला. मी नवखी, मला तो चालतो. मनगट ताठ केले. मारला. टेबलाच्या अगदी काठाला लागून तो सासूबाईंच्या पदरात पडला. त्या म्हणाल्या, "हा काय खेळ झाला? हे नशीब झालं!" आणि तू बोट वर करून त्यांची माफी मागितलीस, आणि मग मला एवढ्या जोरात मिठी मारलीस, की माझाच चष्मा वाकला.

तू सासूबाईंशी हस्तांदोलन करत होतीस तेव्हा मी कडेला गेले. बाबा तसेच बसून होते. टाळ्या कुणासाठी ते कळत नसल्यामुळे त्यांनी बेताने, कुणालाच राग येणार नाही अशा, टाळ्या वाजवल्या होत्या. मला आवाजावरून ओळखून त्यांनी विचारले, "कोण जिंकलं गं?"

दुसऱ्या सामन्यात शॉक आणि मेव्हण्याने आपल्याला धुऊन काढले, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. बाबा चहा आणायला गेले, तेवढ्यात तुझ्या बसची वेळ झाली. ते तीन कप ताटलीत घेऊन रस्त्यावर धावत आले तेव्हा बस वळली होती. चहा आम्ही तिथेच उभ्याउभ्या प्यायलो. त्यांनी दोन कप प्यायले.

जाताना तू खिडकीतून म्हणाली होतीस, "विचार त्याला, मनगट कसं होतं." तुझ्या आवाजात जरा धार होती. मी आज सकाळी दुकानात विचारले. ते स्टुलावर चढून काहीतरी करत होते. म्हणाले, "मनगट? कुणाला माहीत! ऐन वेळी मी बघितलंच नाही."

थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ ठेवूनच, ते पुन्हा बोलले: "पण गुणफलक वाचताना ती डोळे बारीक करत होती, ते चष्मा काढायच्या आधी दिसलं. नंबर वाढलाय तिचा. चारचाकी शिकवते आणि चष्मा नीट नाही, म्हणजे काय? सांग तिला, येऊन तपासून घे. आठवड्यात जमत नसेल तर रविवारी ये. दुपारी दुकान उघडंच असतं."

दुकान रविवारी कधीच उघडे नसते, आत्या. पण मी वर पाहिले, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून पाटीवरची 'रविवारी बंद' ही ओळ पात्याने खरवडत होते. 'रविवारी' राहिले आहे, 'बंद' गेले.

तुझी,
वाळवी

(टपालपेटीत टाकले: सोमवार, १८ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.)